चार बोटांची टोळी

चहा आधी संपवा. मागच्या वेळी मी हे सांगत होतो तेव्हा आमच्या ऑफिसातल्या एकाच्या नाकातून चहा आला होता, म्हणून म्हणतो. संपला? आता ऐका. मी आयुष्यात गाढवपणा पुष्कळ केलाय, पण या एका गाढवपणामुळे अख्खं नाशिक दाराला दोन-दोन कड्या लावून बसलं होतं. हो, अख्खं! थोडं वाढवून सांगतोय, पण फार नाही.

तर सुरुवात काजळ्यापासून. तुम्हाला काजळ्या माहीत नाही? कोणालाच नसतो. मी सहावीत असताना रद्दीच्या दुकानातून जुनी कॉमिक्स आणायचो, त्यातला हा खलनायक. काळा झगा, काळे हात. ज्याच्यावर त्याचा डोळा असेल त्याच्या दारावर तो आधी आपल्या काळ्या पंजाची खूण उमटवणार आणि सातव्या दिवशी स्वतः येणार. त्यातल्या नायकाचं नाव विचाराल तर मला आज आठवत नाही. मी पहिल्यापासून काजळ्याच्या पार्टीतला.

आणि काजळ्याच्या उजव्या पंजाला चारच बोटं. अनामिका नाही, म्हणजे करंगळीच्या शेजारचं बोट गायब. कुठे गेलं? एकाही अंकात सांगितलेलं नाही! आता विचार करा, जो प्रश्न मला सहावीपासून छळतोय त्याचं उत्तर द्यायला सिनेमा येतोय. नायक नाहीच त्यात. नुसता काजळ्या, तो काजळ्या कसा झाला त्याची गोष्ट. शुक्रवारी सकाळी सव्वानऊचा पहिला शो.

नाशिकमधल्या आम्हा काजळ्याभक्तांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चाळीस जण. एकोणचाळीस कॉलेजातले आणि एक मी, पाटबंधारे खात्यातला कारकून, वय त्रेचाळीस. मला ते दादा म्हणतात. काका म्हणायचं टाळतात, यातच सगळं आलं.

ग्रुपवर ठरलं की सिनेमाच्या आधीच्या रविवारी प्रत्येकानं आपापल्या दारावर काजळ्याचा पंजा उमटवायचा आणि फोटो टाकायचा. आता माझ्या दाराला हिनं, म्हणजे आमच्या वैशालीनं, दिवाळीत पॉलिश करून घेतलेलं. तिथे पंजा उमटवला असता तर काजळ्याला यायची गरजच पडली नसती, हिनंच मला संपवलं असतं.

पण आमच्यासमोर तीनशे दोन नंबरचा फ्लॅट होता. दोन वर्षं बंद. पांढरंशुभ्र दार. वैशाली माहेरी निफाडला गेलेली. रविवारची दुपार, अडीच वाजलेले, आमची सोसायटी या वेळेला ठार झोपलेली असते. मी हिचा केसांचा काळा रंग वाटीत कालवला, उजव्या तळहाताला चोपडला, अनामिका दुमडली आणि दिला ठप्पा!

काय सुंदर उमटला म्हणून सांगू! फोटो काढला, ग्रुपवर टाकला. एकोणचाळीस जणांनी वाहवा केली. संध्याकाळी पुसून टाकू, असं म्हणून मी पंख्याखाली आडवा झालो.

पाकिटावर म्हणे लिहिलेलं असतं, हातमोजे घालावेत आणि रंग लगेच धुवावा. पाकीट कोण वाचतं? संध्याकाळी दार घासलं, पंजा तसाच. हात घासला, हातही तसाच. लिंबू, बेसन, रॉकेल, टूथपेस्ट, सगळं झालं. हाताला भज्यांचा आणि स्टोव्हचा एकत्र वास यायला लागला, पण रंग काही हलला नाही. शेवटी मी हाताला बँडेज गुंडाळलं. कुणी विचारलंच तर कुकरच्या वाफेनं भाजलं म्हणू. आणि तीनशे दोनमध्ये कोण येतंय बघायला?

सोमवारी सकाळी नऊ वाजता तीनशे दोनमध्ये टेम्पोभर सामान आलं.

फ्लॅट विकला गेला होता. तशी नोटीस महिनाभर खाली फळ्यावर लावलेली होती. फळा कोण वाचतं?

नवीन मंडळी म्हणजे साळवे कुटुंब. नवरा पोस्टात, बायको शाळेत विज्ञानाची शिक्षिका, बरोबर सासूबाई. साळवे मॅडमच्या हातात बुद्धमूर्ती, सासूबाईंच्या हातात पांढऱ्या फुलांचं ताट. हक्काच्या घरात पहिलं पाऊल टाकायचं, आणि दारावर काळा पंजा. चार बोटांचा! सासूबाईंनी ताट छातीशी धरलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी ते माझ्या दाराच्या भिंगातून पाहिलं आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

आवाज ऐकून आमचे चेअरमन आहेरकाका वर आले. काका निवृत्त आहेत, आणि निवृत्तीनंतर त्यांना संकटाची फार हौस आहे.

"करणी!" काका म्हणाले. "नक्कीच करणी!"

"आम्ही असलं काही मानत नाही," साळवे मॅडम शांतपणे म्हणाल्या. "हा माणसाचा हात आहे. कोणाचा, एवढंच शोधायचंय."

"अहो निकम," काकांनी माझं दार ठोठावलं. "तुम्ही समोर राहता. तुम्हाला काय वाटतं?"

आता इथे, मंडळी, मला तोंड बंद ठेवता आलं असतं. किंवा खरं सांगता आलं असतं. पाच मिनिटं सगळे हसले असते, मी दार पुसलं असतं, विषय संपला असता. पण सासूबाईंचे ओले डोळे पाहिले आणि माझी पाचावर धारण बसली. मी काय बोललो असेन?

"चोर असतील काका. आधी खूण करून जातात म्हणे."

झालं! काकांनी तिथल्या तिथे पंजाचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "सावधान. चोरांची टोळी घरांवर खुणा करत आहे." मॅडमनी मात्र बॅगेतून पट्टी काढली, पंजाशेजारी धरून वेगळा फोटो घेतला, मग पतंगाचा पातळ कागद लावून पंजाची बाह्यरेषा उतरवून घेतली. जाताना माझ्या बँडेजकडे बघितलं.

"काय झालं हाताला?"

"कुकर," मी म्हणालो.

मंगळवारी दुपारी तो मेसेज शेजारच्या सोसायटीतून माझ्याकडे परत आला. त्यात टोळी सहा जणांची झालेली. संध्याकाळी वैशाली निफाडहून आली ती धापा टाकतच.

"अहो, दार नीट लावा आधी! तिकडे सगळे बोलतायत. चार बोटांची टोळी आलीये. टोळीत घेताना म्हणे एक बोट कापतात!"

"कोण म्हणालं?"

"माझ्या दादाला लासलगावच्या कांद्याच्या लिलावात कळलं. तिथल्या व्यापाऱ्यानं स्वतः पाहिलंय!"

स्वतः पाहिलंय! तेवढ्यात तिचं बँडेजकडे लक्ष गेलं, आणि माझी बायको, जी एरवी मला ताप आला तरी भाजी निवडायला बसवते, तिनं मला हातानं वरणभात भरवला.

खरी गंमत पुढेच. बुधवारी सकाळी ऑफिसला निघताना मी स्वतः कुलूप तीनदा ओढून पाहिलं. जिन्यात कुणाची पावलं वाजली तर मी दचकायचो. टोळी म्हणजे मी, हे मला पक्कं ठाऊक होतं हो! पण इतके लोक इतक्या खात्रीनं सांगताहेत, तर निदान दोन-तीन खरे चोरही असतील, असं मला वाटायला लागलं होतं. आमच्या काजळ्याभक्तांना वाटलं की हे सगळं सिनेमावाल्यांनीच पसरवलंय. "काय प्रमोशन आहे दादा! अंगावर काटा आला!" माझ्याही आला होता, पण तो वेगळ्या कारणानं.

बुधवारी संध्याकाळी त्या फिरत्या मेसेजला एक नवा फोटो जोडून आला. मी उघडला आणि बघतो तर काय! तो मी काढलेला फोटो होता! आमच्या ग्रुपमधल्या कुणीतरी पुढे पाठवलेला. पंजा, दार, आणि खाली कोपऱ्यात माझ्या डाव्या पायाची चप्पल. निळी, पांढऱ्या पट्ट्याची.

गुरुवारी जिन्यात साळवे मॅडम भेटल्या.

"निकमसाहेब, हा दुसरा फोटो पाहिलात? दाराला अजून जुनंच कुलूप आहे, हा आम्ही यायच्या आधी काढलाय. म्हणजे ज्यानं पंजा उमटवला त्यानंच काढलाय. चप्पल दिसतेय बघा."

"हो का?" मी म्हणालो. चप्पल बुधवारी रात्रीच जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली होती. मी पायजम्यावर ऑफिसचे बूट घालून दुधाची पिशवी आणायला निघालेलो. मॅडमनी बुटांकडे पाहिलं, मग पिशवीकडे, आणि वर गेल्या. विज्ञानाच्या शिक्षकांची मला शाळेपासून भीती आहे, ती उगाच नाही.

त्याच दिवशी फळ्यावर नोटीस लागली. या वेळी मी वाचली. "शुक्रवारी सकाळी नऊ वाजता सर्व पुरुष सभासदांनी खाली जमावे. प्रत्येकाचा उजवा पंजा कागदावरच्या पंजाशी ताडून पाहण्यात येईल. आज्ञेवरून, चेअरमन."

शुक्रवारी नऊ! शो सव्वानऊचा! पण विचार केला की हेच बरं. सगळे खाली जमायच्या आत सटकायचं, सिनेमा बघायचा, बोट कुठे गेलं ते एकदाचं कळू द्यायचं, मग संध्याकाळी जे व्हायचं ते होवो.

शुक्रवारी सकाळी आत काजळ्याचा टीशर्ट घातला. छातीवर हा एवढा चार बोटांचा पंजा. त्यावर शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलेलं, आणि ते खोटंही नव्हतं. साडेआठला खाली उतरलो, तर फाटकापाशी आहेरकाका आणि सात-आठ माणसं. मध्ये आमचे वॉचमन, महादूबाबा.

महादूबाबा सुरगाण्याकडचे. साठीचे असतील. आमच्याकडे नऊ वर्षं आहेत. कमी बोलतात, पाण्याची टाकी भरतात, सगळ्यांची कुरिअर घेतात. आणि पूर्वी कधीतरी उसाच्या चरकात सापडून त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट गेलेलं आहे. नऊ वर्षांत ते कुणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं. त्या दिवशी काकांच्या आलं.

"हात दाखव! मोजा हो, मोजा! चार!" काका ओरडले. "घरचा भेदी! आत्ता पोलिसांना फोन लावतो. शिट्टी ठेव इथे. गणवेश काढ."

"मी नाय केलं, काका," महादूबाबा एवढंच म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी काय केलं? तुम्हाला सांगताना आजही लाज वाटते. मी घड्याळात पाहिलं, "जरा घाईत आहे काका" म्हणालो आणि फाटकाबाहेर पडलो. समोर शेअर रिक्षा उभी होती, तिच्यात जाऊन बसलो.

"चला," मी रिक्षावाल्याला म्हणालो.

"दोन शीट येऊ द्या, मग निघू."

आणि तो तंबाखू मळत बसला. रिक्षा नेमकी फाटकासमोर. नको म्हटलं तरी दिसतंय. महादूबाबांनी शिट्टी टेबलावर ठेवली. गणवेशाचा शर्ट काढून नीट घडी घातली, तोही टेबलावर ठेवला. मग केबिनमधून डबा आणि काठी घेतली आणि बनियनवर उभे राहिले. इकडे माझ्या फोनवर मेसेजवर मेसेज. "दादा कुठे? आम्ही सगळे पोचलो!" एक शीट येऊन बसलं. आता एकच राहिलं होतं. मी एक पाय सारखा रिक्षाबाहेर टाकत होतो आणि परत आत घेत होतो, तशी शेजारची बाई म्हणाली, "भाऊ, बरं नाही का?"

"नाही," मी म्हणालो, आणि उतरलो.

"काका!" फाटकातूनच ओरडलो. आवाज चिरका निघाला. "चार बोटांची टोळी मीच आहे!"

सगळे वळले. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"निकम," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एका गरिबासाठी स्वतःवर आळ घेताय? बघा रे, याला म्हणतात माणुसकी!"

दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या हो!

"माणुसकी नाही काका, मीच!"

"तुम्हाला पाच बोटं आहेत. उगीच भावनेच्या भरात बोलू नका."

आता आला का प्रसंग! पाच दिवस मी पकडला जाईन म्हणून मरत होतो, आणि आता कबूल करतोय तर कुणी पकडेना! शेवटी बँडेज सोडलं. तळहात काळाकुट्ट. माणसं दोन पावलं मागे सरली. मग सगळी वरात तीन जिने चढून तीनशे दोनपाशी. साळवे मॅडम कागद हातात घेऊन दारातच उभ्या होत्या, वैशाली आमच्या दारात. मी अनामिका दुमडली आणि पंजा दारावरच्या पंजावर ठेवला. तंतोतंत बसला!

"पण का?" काकांना कळेचना. "का केलंत हे?"

"सिनेमा येतोय काका. काजळ्याचा."

"तो कोण?"

मी शर्टाची बटणं काढली आणि छाती दाखवली. इतक्या माणसांसमोर तो टीशर्ट दाखवताना मला जे वाटलं ते शत्रूलाही वाटू नये.

"वय काय तुमचं?" काकांनी विचारलं.

"त्रेचाळीस."

वैशालीनं आमचं दार हळूच लावून घेतलं. आतून कडी वाजली.

"तसं महादूबाबांचं मी आत्ता सांगणारच होते," मॅडम कागद दाखवत म्हणाल्या. "त्यांची करंगळी नाहीये. या पंजाला करंगळी आहे, तिच्या शेजारचं बोट नाही. खालचा आरडाओरडा ऐकून निघालेच होते. तुम्ही दोन मिनिटं थांबला असतात तर ते सुटलेच असते."

दोन मिनिटं! म्हणजे तेवढ्यात ते शेवटचं शीट आलं असतं, मी थेटरात असतो, महादूबाबाही सुटले असते!

"पण सांगितलंत ते बरं केलंत," मॅडम पुढे म्हणाल्या. "नाहीतर पुढे मला तुमच्या चपलेबद्दल विचारावं लागलं असतं. आधी माझ्या सासूबाईंची माफी मागा. मग दार."

माफी मागितली. वाकून मागितली. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या माणसानं असं करावं का बाळा?" आणि वर हातावर साखर ठेवली. काळ्या हातावर! ती खाताना डोळ्यांत पाणी आलं.

खाली आल्यावर काकांनी स्वतः महादूबाबांच्या हातात शर्ट दिला, चारचौघांत चुकलो म्हणाले. मी बाबांच्या पायाशीच बसलो.

"बाबा, मला माफ करा."

"मला ठाव व्हतं साहेब," बाबा शर्टाची बटणं लावत म्हणाले. "रविवारी टाकी पाहाया वर चाललो व्हतो, तव्हाच पाह्यलं तुम्हाला."

"मग सोमवारीच का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुमच्या घरची रीत आसंल. आमच्याकडं बी सणाला तांदळाच्या पिठाचे पंजे उमटवत्यात. शहरात काळे उमटवत आसतील. दुसऱ्याच्या रीतीत आपुन कशाला बोलावं?"

"अहो, पण आज? आज तर तुमच्यावर आलं होतं!"

"म्हटलं, साहेब सांगतील." बाबांनी शेवटचं बटण लावलं. "तुम्ही रिक्षात जाऊन बसले, तव्हा लय भ्या वाटलं."

मी शनिवारभर दार घासलं, मग दोन हात रंग दिला. सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर माफी टाकली. ती मात्र कुणीही पुढे पाठवली नाही. वैशाली आठवडाभर माझ्याशी फक्त केसांच्या रंगापुरतं बोलली. आणि सिनेमाला मी रविवारी दुपारी गेलो, महादूबाबांना बरोबर घेऊन.

काजळ्याचं बोट कसं गेलं, ते लहानपणी, एका गिरणीच्या पट्ट्यात. पण खरी गोष्ट पुढे आहे. तो बंदरावरचा साधा हमाल असतो. गावात चोरी होते, तिथे चार बोटांचा पंजा सापडतो. सगळं गाव त्याला धरतं. खरं काय ते एकाच माणसाला ठाऊक असतं, एका चष्मेवाल्या कारकुनाला. हमाल त्याच्याकडे बघतो, कारकून मान खाली घालतो आणि निघून जातो. त्या रात्री हमाल हात काजळात बुडवतो, आणि होतो काजळ्या.

सहावीपासून ज्याची वाट पाहिली तो प्रसंग पडद्यावर चालू होता, अख्खं थेटर शिट्ट्या मारत होतं, आणि मी खुर्चीत खाली खाली सरकत होतो. शेजारी महादूबाबा मन लावून बघत होते. कारकून पडद्यावरून दिसेनासा झाला, तसे ते माझ्या कानाशी वाकले.

"साहेब," ते म्हणाले, "त्याची रिक्षा लगेच भरली आसंल."